लुगड्यांच्या वेण्यांचा रग, कामाच्या नोंदी (सांगली, मे ते जुलै २०२४)

५ मे

माळ्यावरची ट्रंक उतरवली. आजीची दोन इरकली लुगडी, दोन्ही सुती, एक हिरवं एक वांगी रंगाचं, तीन जुन्या बेडशीट, एक सोलापुरी चादर आणि टीशर्टचं एक गाठोडं एवढं निघालं. आईच्या पलंगाजवळ खाली घालायला रग करायचाय. घरात शहाबादी फरशी आहे, पहाटे उठून आईने पाय खाली टेकवला की गुडघ्यापर्यंत कळ जाते म्हणते. बाजारातली दोन पायपुसणी आणून झाली, एकाचा मागचा रबर वर्षभरात भुगा होऊन सगळ्या खोलीत पसरला. म्हणून घरीच करायचं ठरवलं, तीन पेडी वेणी घालायची आणि ती गोल गोल फिरवून शिवत जायची. याला लूम लागत नाही, क्रोशाची सुई लागत नाही. साइज ९० बाय ६० सेमी, अंडाकृती.

आज फक्त निवडानिवड. प्रत्येक कापडाचा एकेक धागा काढून चिमट्यात धरून जाळून बघितला. सुती असला तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटाने चुरगळेल अशी राख राहते, पॉलिस्टर असला तर वितळून टोकाला टणक मणी होतो. एक बेडशीट सुती म्हणून घेतलेली पण मणी आला, ती बाजूला काढली. मिसळायचंच नाही असं नाही, पण तिची पट्टी हातात घेतली तर सुतीपेक्षा खूपच गुळगुळीत, एका वेणीत दोन्ही घातली असती तर ती सरकत राहिली असती.

लुगड्यांचे पदर कापून ठेवले. इरकलीचा पदर रेशमी असतो, अंगाचं कापड सुती, दोघांचा ताण वेगळा. शिवाय ते लाल पदर फाडायची माझी हिंमत झाली नसती.

७ मे

मतदानाची सुट्टी. सकाळी लवकर जाऊन आलो आणि मग सगळं धुवायला काढलं. चूक क्रमांक एक इथे झाली, वांगी लुगडं आणि पांढरी-पिवळी बेडशीट एकाच बादलीत भिजवली. मला वाटलं चाळीस वर्षांचं लुगडं, आता काय रंग जाणार. बेडशीटवर गुलाबी ढग आले. खडेमीठ टाकून परत भिजवलं, काहीही फरक नाही. मिठाने रंग पक्का होतो असं सगळे सांगतात, मी दोन तास आणि अर्धा किलो मीठ घालवलं, पाणी तसंच रंगीत निघत राहिलं. शेवटी लुगडं एकटं पाच पाण्यातून काढलं तेव्हा कुठे पाणी जवळजवळ स्वच्छ आलं.

आता नियम असा केलाय की ओलं पांढरं फडकं कापडावर दाबून मिनिटभर घासायचं. फडक्यावर रंग आला तर ते कापड फक्त गडद कापडांबरोबरच वापरायचं. गुलाबी झालेली बेडशीट रद्द, तिच्या जागी उरलेली निळी चौकड्याची घेतली.

११ मे

पट्ट्या काढल्या. सुती कापड कात्रीने कापत बसायची गरज नाही, काठाला कात्रीने छोटी चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी सरळ फाडायचं, धाग्याच्या रेषेत आपोआप फाटतं. लांबीच्या दिशेने फाडा, पट्टी लांब मिळते आणि जोड कमी लागतात. फक्त हे काम घरात करू नका. मी हॉलमध्ये बसून केलं, जुन्या सुताची एवढी धूळ उडते की अर्ध्या तासात घसा धरला, पंख्याच्या पात्यांवर लव चिकटली, पुढचं सगळं गच्चीवर तोंडाला रुमाल बांधून केलं.

सोलापुरी चादर फाडायला गेले तर तिचे धागे इतके जाड आणि सुटे की पट्टीच्या दोन्ही कडांनी झिरमिळ्या सुटत गेल्या, दहा सेंटिमीटरची पट्टी हातात सात सेंटिमीटरची उरली. चादर या कामाला नाही. अर्धी वाया गेली, उरलेल्या अर्धीला काठ मारून तिचं मशीनवरचं पांघरूण केलं.

आणि इथेच मी ती चूक केली जिचं मला अजून वाईट वाटतं. दोन्ही लुगडी पूर्ण फाडून टाकली. पदर सोडून सात-सात मीटर, सगळंच्या सगळं. का, तर हात चालू होता आणि फाडताना तो आवाज छान येतो. किती लागणार याचा हिशोब केलाच नव्हता. तो दुसऱ्या दिवशी केला, खाली लिहिलाय. तुम्ही आधी करा.

१२ मे

बहुतेक पट्ट्या मी सरसकट साडेसहा सेंमी रुंद काढल्या होत्या. हातभर वेणी घालून बघितली तर एक बाजू फुगलेली, एक बाजू सपाट. लुगडं पातळ आणि विरलेलं, बेडशीट जाड, एकाच रुंदीत दोघांचा पेड सारखा कसा होणार. मग पुठ्ठ्याला ८ मिमीचं भोक पाडलं. पट्टीला पीळ देऊन भोकातून ओढायची, सैल गेली तर पट्टी अरुंद आहे, अडकून बसली तर रुंद आहे, जराशी घासत गेली की बरोबर. माझ्या कापडांचं असं निघालं: बेडशीट साडेसहा सेंमी, लुगडं दहा सेंमी. नशीब हे की अर्धंच हिरवं लुगडं अरुंद फाडलं गेलं होतं, उरलेल्यात रुंद पट्ट्या होत्या कारण काल शेवटी घाई केली होती. ज्या अरुंद होत्या त्या दोन-दोन एकत्र धरून एक पेड केला, दिसत नाही.

आता हिशोब. एक-एक मीटरचे तीन पेड घेऊन वेणी घातली, ६८ सेंमी भरली. वेणीची रुंदी २ सेंमी. ९० बाय ६० चा अंडाकृती रग म्हणजे मधला ३० बाय ६० चा चौकोन आणि दोन टोकांची मिळून ३० सेंमी त्रिज्येची एक चकती, म्हणजे साधारण ४६०० चौ. सेंमी. भागिले दोन, तेवीस मीटर वेणी. त्यासाठी प्रत्येक पेड ३४ मीटर. लुगड्याच्या सात मीटरच्या पाच पट्ट्या झाल्या की ३४ मीटर भरतात, आणि एका लुगड्यातून दहा सेंमीच्या अकरा पट्ट्या निघतात. म्हणजे अर्धं लुगडं पुरलं असतं. आईला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही, उरलेल्या पट्ट्यांचा गुंडाळा हातात घेऊन थोडा वेळ बसली. तिला अर्ध्या लुगड्याची वाकळ शिवायची होती, ते तिने मला आधी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

१८ मे

जोड. दोन पट्ट्यांच्या टोकांना उभी चीर द्यायची, एकावर एक ठेवून दुसरीचं शेपूट चिरेतून ओवायचं, ओढलं की जोड बसतो, शिवायला लागत नाही. बेडशीटला हे मस्त चाललं. लुगड्याला नाही. कापड इतकं विरलंय की ओढलं की चीर पुढे पुढे फाटत जाते, सहा जोडांपैकी चार निसटले. मग लुगड्याच्या पट्ट्या पायमशीनवर तिरक्या जोडल्या, दोन टोकं काटकोनात ठेवून कोपऱ्यातून कोपऱ्यात टाका मारायचा आणि जादा कापड कापायचं. तिरक्या जोडाने जाडी एका जागी जमत नाही. एका जोडाला दोन मिनिटं.

अजून एक, तिन्ही पेडांचे जोड एकाच ठिकाणी आले की वेणीत गाठोडं दिसतं. माझ्या पहिल्या दोन मीटरमध्ये तसंच झालं. सुरुवातीच्या तीन पट्ट्या मुद्दाम लहान-मोठ्या घ्या, मी ७ मीटर, ५ मीटर आणि दीड मीटर घेतल्या, मग जोड आपोआप पुढेमागे येतात.

१९ ते २५ मे

वेणी. खिडकीच्या गजाला टोक बांधून उभ्याने घालत होते. लांब पट्ट्या मोकळ्या सोडल्या की खाली तिघींची उलटी वेणी पडत जाते, वर दोन वीत घातली की खाली गुंता सोडवायला पाच मिनिटं. प्रत्येक पट्टीचा गुंडाळा करून रबर लावला तेव्हा सुटका झाली. पट्टीच्या कडा आत दुमडून घालायच्या म्हणजे फाटलेली किनार वर येत नाही. त्यासाठी पितळी दुमडण्या वगैरे मिळतात असं कळलं, मी बोटानेच केलं, चारेक मीटरनंतर बोटांना सवय होते.

पहिल्या दिवशी खूप घट्ट घातली. आई बघून म्हणाली, "अगं, वेणी घालतीयस का म्हशीचं दावं वळतीयस?" तिचं बरोबर होतं. घट्ट वेणी वळणावर वळत नाही, उभी राहते. तिने स्वतः बसून हातभर घालून दाखवली, लहान मुलीच्या केसांना जेवढा ताण देतो तेवढाच. मी माझी पहिली साडेतीन मीटर सोडून परत घातली. ताशी तीन मीटरपेक्षा जास्त झालं नाही, दोडकं सोलायला उठले की आई दोन-चार वीत पुढे घालून ठेवायची. दोघींचा ताण वेगळा आहे हे रगवर अजून ओळखू येतं, मला ते तसंच हवंय.

२६ मे

शिवायला सुरुवात. वेणीचा ३० सेंमी सरळ भाग मध्ये घ्यायचा (लांबी वजा रुंदी, ९० वजा ६०) आणि तिथून वळवून शेजारी लावत जायचं. साध्या शिलाईच्या दोऱ्याने केलं, दुहेरी घेऊन. दुसऱ्या फेऱ्यातच तीनदा तुटला. गावभागातल्या दुकानातून गोधडीचा जाड दोरा आणि बोथट टोकाचं दाभण आणलं. टोकदार दाभण कापडातच घुसतं, बोथट असलं की ते पेडांच्या मधल्या फटीतून जातं, दोरा आत लपतो आणि रग दोन्ही बाजूंनी वापरता येतो.

संध्याकाळी टीव्हीसमोर मांडीवर घेऊन बसायचे आणि दोन-दोन फेरे काढायचे. छान चाललं होतं.

२ जून

दहा फेरे झाले, साधारण ४२ सेंमी रुंदी. जमिनीवर ठेवला आणि वाटी झालेली दिसली. मधला भाग टेकतोय, कडा चहूबाजूंनी चार सेंमी वर. दाबला की मध्ये फुगतो. ओला करून वर पाटा ठेवला रात्रभर, सकाळी काढला तर तासाभरात परत वाटी. इस्त्री मारली, तेच. कुणी सांगितलं की वापरून वापरून बसतो. ज्या वस्तूवर पंचाहत्तर वर्षांची बाई अंधारात पाय टाकणार तिची कड चार सेंमी वर उचललेली चालणार नाही, म्हणून तो विषय तिथेच संपवला.

कारण कळायला पूर्ण रविवार गेला. मांडीवर घेतलं की रग मांडीच्या आकारात वाकतो, आपण त्या वाकलेल्या स्थितीतच पुढचा फेरा ओढून लावतो, तो कमी भरतो. दर फेऱ्याला अर्धा-एक सेंमी कमी भरला तरी दहा फेऱ्यांनी त्याचा आवळलेला पट्टा होतो. दुसरं म्हणजे मी वळणावरही एकास एक टाका घेत होते, आतल्या फेऱ्याचा एक फासा (वेणीच्या कडेला दिसणारा पेडाचा एक वळसा), बाहेरच्या वेणीचा एक फासा. वळणावर बाहेरचा फेरा लांब हवा.

तिसऱ्या फेऱ्यापर्यंत उसवलं. दहा मीटर शिवण, साडेसहा तासांचं काम गेलं.

९ जून

परत सुरू, या वेळी जमिनीवर. आधी पाटावर, मग जेवणाच्या टेबलावर, कारण पाठ धरली. सपाट ठेवूनच शिवायचं, उचलायचं नाही, दाभण आडवं घालायचं. वेळ दीडपट लागतो. टीव्ही बघत होत नाही.

वळणाचं माप असं निघालं: वेणी २ सेंमी रुंद असेल तर प्रत्येक नवा फेरा आधीच्यापेक्षा साडेबारा सेंमी जास्त लांब हवा, मग तो तिसरा फेरा असो की चौदावा, आकडा तोच राहतो. हे मला आधी खरं वाटेना, मी दोरीने मोजून बघितलं. माझ्या वेणीचे फासे दोन-दोन सेंमीवर आहेत म्हणजे फेऱ्याला सहा फासे जास्तीचे, प्रत्येक टोकाला तीन. करायचं काय तर वळणावर तीन ठिकाणी बाहेरच्या वेणीचा एक फासा न शिवता सोडून पुढचा घ्यायचा. सरळ बाजूंना काहीही सोडायचं नाही. वळण कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं तिथे चार सेफ्टी पिना लावून ठेवा नाहीतर सरळ बाजू हळूहळू पोटासारखी सुटते.

आणि ते तीन फासे दर फेऱ्याला एकाच रेषेत सोडू नका. मी सलग चार फेरे तसं केलं आणि टोकं गोल व्हायच्या ऐवजी त्यांना कोपरे आले. पुढच्या फेऱ्यात दोन-तीन फासे सरकवून सोडले की गोलाई येते. ते चार फेरे उसवले नाहीत, नीट बघितलं तर कोपरे अजून दिसतात.

१६ जून

आता उलटं झालं. वाटीची इतकी धास्ती घेतली होती की अकराव्या-बाराव्या फेऱ्यात चार-चार, पाच-पाच फासे सोडले आणि कडेला झालर आली. हे वाटीपेक्षा सोपं. एकच फेरा उसवला, तो तीन फाशांवर आणला आणि पुढच्या फेऱ्यात दोनच सोडले, बसला. दर फेरा संपला की रग फरशीवर ठेवून चारी बाजूंनी तळहात फिरवायचा, लगेच कळतं. मी पहिल्यांदा दहा फेऱ्यांनी बघितलं होतं.

२१ जून

वटपौर्णिमा, दिवसभर पाऊस, काम नाही. मुद्दाम नोंद करतेय कारण उरलेली सहा मीटर वेणी मी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली होती आणि आज उघडली तर कुबट वास. काळे ठिपके नव्हते हे नशीब. तीन दिवस पंख्याखाली, मग एक दिवस दोन तास ऊन मिळालं तेव्हा वास गेला. पावसाळ्यात सुती कापड उशीच्या जुन्या अभ्र्यात ठेवा. खरं सांगायचं तर हे काम जानेवारीत काढायला हवं.

२९ जून

शेवट. वेणी अशीच कापून शिवली तर कडेला पायरी राहते. शेवटच्या ४० सेंमीत तिन्ही पट्ट्या निमुळत्या कापत न्यायच्या म्हणजे वेणी बारीक होत होत संपते, टोकं दाभणाने आतल्या फेऱ्यात ओढून घ्यायची आणि वरून पाच-सहा टाके. वळणावर संपवा, सरळ बाजूला संपवलं की लगेच नजरेत येतं. माप ९२ बाय ६१ भरलं, वजन ९७० ग्रॅम. हिरवा, वांगी आणि निळा. लुगड्याच्या काठाची बारीक नक्षी मध्येच कुठेतरी अर्धा सेंमी वर येते, ती बघायला मी दोनतीनदा उठून गेले.

६ जुलै

पलंगाजवळ घातला आणि मीच घसरले. शहाबादीवर सुती रग म्हणजे बर्फावर फळी. मागे ग्लू गनचे ठिपके दिले, ते सुकून कडक गोटे झाले, फरशी ओली असली की आणखी सरकतो. सगळे नखाने खरवडून काढले, एक संध्याकाळ. शेवटी रबरी जाळी आणली, २४० रुपये, रगपेक्षा चारी बाजूंनी दोन सेंमी लहान कापून नुसती खाली अंथरली, शिवली नाही म्हणजे धुताना वेगळी होते. आता जोर लावूनही हलत नाही. आईला घालायला दिला तो यानंतरच. घरात म्हातारं माणूस असेल तर ही जाळी आधी आणा, रंगसंगती नंतर.

१४ जुलै

पहिली धुलाई. ओला झाल्यावर तीन किलोच्या वर गेला, एकटीला पिळवत नाही आणि पिळायचाही नाही, पीळ दिला की शिवण ताणून परत लाटा येतात. धुण्याच्या दगडावर आडवा टाकून वरून हातानेच दाबून पाणी काढलं, मग पालथ्या टेबलाच्या पायांवर सपाट ठेवून खाली पंखा. अडीच दिवसांनी वाळला. वांगी रंग निळ्यावर किंचित उतरलाय, लांबून कळत नाही. एक सेंमी आटला. दोन टाके सुटले होते ते घातले. आई तोवर अनवाणी फरशीवर उतरायची, म्हणून दुसरा लागणारच.

२७ जुलै

कृष्णेचं पाणी चढतंय, २०१९ च्या महापुरापासून आमच्याकडे पाणी वाढलं म्हटलं की आधी ट्रंक वर जाते. आज ट्रंक, गाद्या आणि रग माळ्यावर टाकला, घडी न घालता गुंडाळून, घडी घातली की वेणीला कायमचा मोड पडतो.

वर बसून खर्च लिहिला. दाभण २०, गोधडीचा दोरा तीन रीळ १२०, वाया गेलेला साधा दोरा ३०, कात्रीला धार ५०, पिना ३०, जाळी २४०. एकूण ४९०. ग्लूच्या कांड्या घरात होत्या. वेळ: फाडणं पाच तास, जोड तीन, वेणी नऊ आणि सोडून परत घातली ती दीड, शिवण पंधरा, उसवण्यात गेलेली साडेसहा. धुणं-वाळवणं धरलं नाही. चाळीस तास.

उरलेल्या लुगड्यांच्या पट्ट्या आईने मागून घेतल्या. तिने त्यातल्या रुंद बघून वेगळ्या काढल्यात आणि शेजारीशेजारी जोडून परत कापड करतेय, वाकळेला वरून लावायला. दहा सेंमीच्या पट्ट्यांचं कापड, जोडावर जोड. आतापर्यंत सात पट्ट्या झाल्यात, दोन हिरव्या एक वांगी असा क्रम तिने ठरवलाय. मी टीशर्टचं गाठोडं सोडलंय, होजिअरीची पट्टी ओढली की स्वतःच गुंडाळली जाते, कडा दुमडाव्या लागत नाहीत. पण ताणते फार, पहिल्या मीटरची वेणी ६८ च्या जागी ७९ सेंमी भरली. म्हणजे वरचा हिशोब टीशर्टला चालणार नाही. पाणी उतरलं की खाली टेबलावर नव्याने मोजते.